रविवारची चर्चा आणि खडीसाखरेचा खडा

ये गं मीनू, अशी जवळ येऊन बस. तू पुण्यात आणि मी तंजावुरात, जवळ कशी बसणार म्हणतेस? एवढं मलाही कळतं, अजून बुद्धी शाबूत आहे माझी. कागद जवळ घे म्हणजे झालं. आणि आधी तो टीव्ही बंद कर. गेल्या खेपेला आपण फोनवर बोलत होतो तेव्हा तुझ्या मागे इतकी माणसं एकदम ओरडत होती की मला वाटलं, शेजारी कोणाची तरी भाऊबंदकी निघाली. विचारलं तर म्हणालीस, "चर्चा चाललीये गं आजी." चर्चा! अगं, पडद्यावर खिडक्या खिडक्या करून माणसं बसवायची आणि सगळ्यांनी एकाच वेळी तोंड उघडायचं, ही चर्चा असेल तर सकाळचा मासळीबाजार म्हणजे विद्यापीठच म्हणायचं. आणि तेच वळण तुला आणि तुझ्या बापाला लागलंय. नोकरी सोडते म्हणालीस, तो नको म्हणाला, दोघं एकदम बोललात, दोघांनी एकदम फोन ठेवला, आणि आता दोघं वेगवेगळे मला फोन करून विचारता की दुसरा काय म्हणाला. मी काय टपालपेटी आहे? म्हणून आज तुला आमच्या घरची रविवारची चर्चा कशी असायची ते सांगते. नीट ऐक, मध्ये "हं, हं" करू नकोस.

आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. पुढे तिण्णै, म्हणजे तुमच्याकडचा ओटा, पण आमचा गुळगुळीत, लाल, उन्हाळ्यातही गार. त्याच्या आत एक लांब खोली, आणि त्या खोलीत टीव्ही. लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा. पाहून झाला की आई दारं लावून त्याच्यावर भरतकामाचं फडकं टाकायची, देवघराला टाकतात तसं. माडीवर अँटेनाची काठी होती. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या, मग मी पावाडैचा, म्हणजे परकराचा, घोळ सावरत वर जाऊन काठी फिरवायची आणि खालून अप्पा ओरडायचे, "थोडं गणपतीकडे! नको, नको, परत बसस्टँडकडे!" आमच्या दिशा अशा होत्या. पूर्व-पश्चिम कोणाला ठाऊक होतं? रविवारी संध्याकाळी मद्रासहून एक कार्यक्रम यायचा, तमिळमध्ये. गाणं नाही, नाच नाही. चार खुर्च्या, एक मेज, मेजावर पाण्याचे पेले, आणि मधोमध जाड चष्म्याचे एक गृहस्थ. चष्म्याला तमिळमध्ये कण्णाडी म्हणतात, म्हणून आमच्या घरात ते 'कण्णाडी मामा'. धरणाचं पाणी, परीक्षेचे मार्क, हुंडा, सिनेमा बघावा की नाही, म्हाताऱ्यांनी कोठे राहावं, असा दर आठवड्याला एक विषय असायचा. मामांच्या हातात पेन्सिल असायची, पण त्यांनी एक अक्षर लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. दोन माणसं एकमेकांवर बोलायला लागली की मामा काही म्हणत नसत. हळूच चष्मा काढायचे आणि धोतराच्या सोग्याला पुसायला लागायचे. पुसतायत, पुसतायत. ती दोन माणसं आपोआप लाजून गप्प. मग चष्मा परत नाकावर, आणि "आता तुम्ही," एवढंच. किती वर्षं चालला म्हणतेस तो कार्यक्रम! मामांचे केस आमच्याच खोलीत पिकले म्हण ना.

चणाडाळीचं सुंडल आई त्याच दिवशी करायची, वर ओलं खोबरं आणि कैरीचे बारीक तुकडे. त्या फोडणीचा वास आणि कार्यक्रमाच्या आरंभीची वीणा, दोन्ही एकत्रच आठवतात मला. आजही कोठे मोहरी तडतडली की वाटतं, आता मामा येतील. प्रेक्षक ठरलेले. अप्पा वेताच्या खुर्चीत. शेजारचे सुंदरम सार जमिनीवर, भिंतीला टेकून; ते शाळेत गणित शिकवायचे, तमिळ माणूस, इतकी वर्षं आमच्या तिण्णैवर बसून आमची सगळी मराठी त्यांना कळायची, पण स्वतः बोलायचे ते तमिळमध्येच, मराठीचा एक शब्द नाही. चूक झाली तर गणिताचा मास्तर लाजतो, दुसरं काय. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आक्का, अप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून आमच्याच घरी. पांढऱ्या साडीत ताठ बसायची, जपमाळ हातात, पण मणी पुढे सरकायचा तो फक्त जाहिराती लागल्या तरच. आई आत-बाहेर. आणि मी.

कार्यक्रम संपला की टीव्हीची दारं लागायची आणि आमची चर्चा सुरू. तिचा एक नियम होता आणि तो अप्पांनी कचेरीतून आणला होता. अप्पा पाटबंधारे खात्यात होते. कावेरीचं पाणी कालव्यात आलं की वरच्या गावाने आधी घ्यायचं, खालच्या गावाला उरेल ते, आणि मग भांडण. दोन्ही गावचे लोक काठ्या घेऊन बांधावर उभे. अप्पा सायकलने जायचे, दोघांना झाडाखाली बसवायचे आणि वरच्या गावच्या माणसाला सांगायचे, "खालच्याचं गाऱ्हाणं तू सांग." तो चिडायचा. "मी कशाला? त्याला तोंड नाही?" अप्पा म्हणायचे, "त्याचं तोंड मी रोज ऐकतो. आज तुझ्या तोंडून ऐकायचंय." सांगताना हाताने विडा करायचा. पूर्ण सांगून झालं की विडा पुढे धरायचा. खालच्याला वाटलं की होय, हेच माझं दुखणं, तर त्याने विडा घेऊन तोंडात टाकायचा. नाही वाटलं तर हात मागे. मग परत सांगायचं. एकदा का विडा तोंडात गेला की गडी गप्प, पिंक टाकल्याशिवाय बोलता येत नाही, आणि तेवढ्या वेळात समोरच्याने आपली बाजू सांगून घ्यायची. तुमच्या महाराष्ट्रात म्हणे विडा उचलून लढाईला जात. आमच्या अप्पांनी विडा देऊन लढाया घरी पाठवल्या.

तोच नियम आमच्या खोलीत. मध्ये पितळेचं तबक, त्यात कुंभकोणमची कोवळी पानं, चुन्याची डबी, कातरलेली सुपारी. सार म्हणायचे, परीक्षा बंद करायला हवी. अप्पांना ते पटत नसलं तरी आधी सारांचीच बाजू मांडायची, देठ खुडत, चुना लावत. सार मान हलवायचे, "इल्लै, इल्लै, हे माझं म्हणणं नव्हे," आणि हात मागे. अप्पा परत सुरुवात करायचे. मोठी गंमत यायची. कधीकधी दुसऱ्याची बाजू नीट सांगता सांगता माणूस तिकडचाच होऊन जायचा, आणि विडा दिल्यावर डोकं खाजवत बसायचा की आता विरोध कशाला करू!

पण बघ हं मीनू, या नियमात एक गोम होती, आणि ती कोणाच्या डोक्यातही आली नव्हती. आमच्यात लग्न न झालेल्या पोरीने विडा खायचा नाही. आणि विधवेनेही नाही. म्हणजे पानं पुसणं, चुना भिजवणं, सुपारी कातरणं हे सगळं मी आणि आक्काने करायचं, पण आमच्यापुढे विडा धरणार कोण? धरला तरी घेणार कसा? मग आमची बाजू कोणी मांडायची कशाला? आक्का पंच होती. कोणाचं तोंड भरलं, कोणाचं रिकामं, एवढं बघायची. मी मध्ये एखादं वाक्य टाकलं तर अप्पा कौतुकाने हसायचे, "शाबास," आणि सारांकडे वळायचे. मला त्याचं फारसं काही वाटत नसे. सुंडल होतं, मामा होते, मी खुशीत होते. दुखेपर्यंत माणसाला कळत नाही की येथे आपल्याला जागा नव्हती.

मग पुण्याचं स्थळ आलं. अस्सल महाराष्ट्रातलं! अप्पांचा आनंद काय सांगू. आम्ही तंजावूरचे मराठे, तीनशे वर्षं येथे. पूजा येथली, भात येथला, रागावलो तरी तमिळमध्ये रागावतो. मराठी राहिली ती चुलीपाशी. आणि आता घरातली एक मुलगी परत तेथे जाणार. मुलगा, त्याची आई आणि मामा, तिघं आले. चांगली माणसं होती, खोटं कशाला बोलू. मुलगा तर साधा, घाम पुसत बसलेला बिचारा. त्यांच्या वहाणा अप्पांनी स्वतःच्या हाताने उचलून आत सावलीत ठेवल्या. मी कॉफी घेऊन गेले आणि विचारलं, "साखर उणी पडली का?"

झालं! मुलाची आई टाळी वाजवून म्हणाली, "उणी! ऐकलंत का हो, उणी म्हणाली!" मामा म्हणाले, "अहो, बखरीतली मराठी! चालतीबोलती!" मला जरा बरंच वाटलं, चांगलं म्हणतायत तर. मग मामांनी विचारलं, "तुला आवडतं काय काय?" मी म्हटलं, रविवारची चर्चा. आदल्याच रविवारी विषय होता, आईबापांनी म्हातारपणी मुलांकडे राहावं की आपल्या घरी. माझं मत पक्कं होतं आणि ते विचारणारं पहिल्यांदाच कोणी भेटलेलं. मी बसूनच घेतलं आणि सगळं सांगितलं, की आईबापांनी आपलं घर सोडू नये, कोठेही बसावं तर ती आपली जागा असावी, मुलांनी पाळीपाळीने तेथे येऊन राहावं, आणि सून म्हणोन कोणा एकीने सगळा भार घ्यावा हे मला मान्य नाही. होणाऱ्या सासूच्या तोंडावर! आक्काने जपमाळ थांबवली. मी वाट बघत होते, आता ही बाई मला चांगलं झाडणार, आणि मग मीही उत्तर देईन.

ती हसून म्हणाली, "किती गं गोड! ते 'म्हणोन' पुन्हा एकदा म्हण ना."

मी पुन्हा म्हटलं. दुसरं काय करणार? तिघंही हसले, प्रेमाने हसले. अप्पाही हसले. तिला राग आला नाही, मीनू. राग यायला ऐकावं लागतं. मी कॉफीचे डवरा-टंबलर, म्हणजे वाट्या-पेले, उचलून आत गेले आणि मोरीत ते इतका वेळ घासत बसले की आई म्हणाली, "कल्हई जाईल गं." स्टीलचे होते ते.

थोड्याच दिवसांत होकार आला. अप्पांनी गूळ वाटला. मी काही बोलले नाही. काय बोलायचं ते मलाच धड मांडता येत नव्हतं. माणसं वाईट नाहीत, मुलगा वाईट नाही, गाव मोठं, मग नको का? नको एवढंच ठाऊक. आणि अप्पांनी शब्द देऊन टाकला की त्यांचा शब्द म्हणजे कालव्याची झडप, एकदा पडली की पडली. मुहूर्त काढायला ते सोमवारी जोशांकडे जाणार होते.

मध्ये रविवार होता. आणि बघ देवाची करणी, कण्णाडी मामांनी विषय कोणता घ्यावा? घरातल्या मोठ्या निर्णयात मुलांना मत असावं का! एक माझ्याच वयाची मुलगी बोलत होती, अडखळत. तिच्या शेजारचे एक वकील मध्येच बोलू लागले तर मामांनी चष्मा काढला. पुसत बसले. ती मुलगी बोलून पुरी झाली तेव्हाच तो नाकावर गेला. अप्पा खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाले, "असंच पाहिजे! सार, मी सांगतो, मत असलंच पाहिजे. ज्या घरात मुलं बोलत नाहीत ते घर नव्हे, गोदाम!"

उंबऱ्यातून आक्का म्हणाली, "मग विचार की तिला, बापू."

अप्पा वळले. "काय विचारू?"

"पुण्याचं."

"ही चर्चा नव्हे आक्का, हा घरचा विषय आहे."

"चर्चा घरातच चालते की. मी काय बसस्टँडवर बसलेय?"

सार उठायला लागले. आक्का त्यांना तमिळमध्ये म्हणाली, "सार, बसा. पंचाच्या परवानगीशिवाय उठायचं नाही." सार मुकाट्याने बसले. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तबक पुढे ओढलं. नियम मला ठाऊक होता. निर्णय अप्पांनी सांगितलेला, म्हणजे आधी त्यांची बाजू मी मांडायची.

मी पान पुसलं आणि सुरुवात केली. "अप्पांना वाटतं, आपली मराठी चुलीपाशी कोंडली. मुलांना कळते, बोलत नाहीत. निदान एका मुलीने तेथे राहावं जेथे दुकानाच्या पाटीवर मराठी, बसवर मराठी, भांडणही मराठीत. तिच्या मुलांनी वाचावं, लिहावं. आपण येथलेच, पण एक धागा तिकडे बांधलेला असावा." चुना लावला. अप्पा मान डोलवत होते, हात पुढे येत होता. मी पानाची घडी घातली नाही. "अजून आहे. अप्पांना स्वतःला जायचं होतं."

हात तेथेच थांबला. "हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुम्ही त्यांच्या वहाणा उचलून ठेवल्यात. कलेक्टर आले तेव्हा नव्हत्या ठेवल्या."

आता मी पानाची घडी घातली आणि विडा पुढे धरला. माझे आजोबा गेले तेव्हा अप्पा विशीतले. मागे विधवा बहीण, घर, कर्ता माणूस कोणी नाही. पुण्याच्या कॉलेजचं मनात असलेलं मनातच राहिलं. हे मला नंतर आक्काने सांगितलं. त्या वेळी त्यांनी माझ्या हातातून विडा घेतला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावू लागले. आक्काने मणी पुढे ढकलला. "आता तू सांग."

आणि माझं तोंड उघडेना. इतक्या वर्षांचे रविवार, इतकी वाक्यं तयार, आणि जागा मिळाली तर एकही हाताशी येईना. मी नुसतीच मान हलवली. अप्पांचं पान चावून संपत आलं. ते बाहेर जाऊन पिंक टाकून आले, आता ते बोलणार, आणि मग संपलं, असं मला वाटलं.

आक्का म्हणाली, "थांब. तिने तुझी बाजू मांडली. तिची तू मांड."

"आणि विडा? पोरीला विडा देऊ?"

आक्का उठली. आत गेली. डबे वाजले. बाहेर आली ती खडीसाखरेची बरणी घेऊन, नैवेद्याची. तबकात ठेवली. "पान नाही तर हे. तोंड बंद झाल्याशी काम." मग खाली बसता बसता, काही विशेष न सांगितल्यासारखं, म्हणाली, "हे आधीच सुचायला पाहिजे होतं. इतकी वर्षं या खोलीत माझीही बाजू कोणी मांडली नाही, मला विडा चालत नाही म्हणोन."

अप्पांच्या चेहऱ्यावरून काय गेलं ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी बरणीत हात घातला आणि सगळ्यांत मोठा खडा शोधून काढला, लिंबाएवढा. सार तमिळमध्ये म्हणाले, "एवढा मोठा? तिला दिवाळीपर्यंत गप्प बसवायचंय?" अप्पा म्हणाले, "बाजू माझी मोठी आहे, वेळ लागेल." आणि खडा हातात घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले. खुर्चीत नाही. जमिनीवर.

"तुला शिकायचंय. कॉलेजात जायचंय."

मी हात मागे घेतला.

"आईला सोडून जायची भीती वाटते. परकं गाव, थंडी, गव्हाची पोळी."

पोळीचं ऐकून हसू आलं मला, पण हात मागेच. अप्पा चिडले. "मग काय? मुलगा आवडला नाही?" आक्का म्हणाली, "विचारायचं नाही बापू, सांगायचं." अप्पा खडा या हातातून त्या हातात करत राहिले. आत आई उडदाच्या डांगरासाठी दही घुसळत होती, ती रवीही थांबली. बाहेर कोणाची तरी सायकलची घंटी वाजून गेली. मग अप्पा हळूच म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखं, "त्या दिवशी तू म्हाताऱ्यांच्या विषयावर बोललीस. मोठं धाडसाचं बोललीस. मी मनात म्हटलं, आता बाई उसळणार. पण ती उसळली नाही. म्हणाली, परत म्हण." थांबले. "मीही हसलो," ते म्हणाले. "तुझं म्हणणं असं की, तेथे तू जन्मभर बोलशील आणि ते जन्मभर ऐकतील, पण तू कशी बोलतेस तेवढंच. काय बोलतेस ते कोणी ऐकणार नाही."

मीनू, मलाच माझी बाजू ठाऊक नव्हती गं. अप्पांच्या तोंडून ऐकली तेव्हा कळली. मी हात पुढे केला आणि तो एवढा मोठा खडा तोंडात कोंबला. गाल फुगला, डोळ्यांतून पाणी, बोलायचं म्हटलं तरी बोलता येईना.

आता नियमाप्रमाणे अप्पांची पाळी. तोंड माझं बंद, मैदान त्यांचं. आक्का वाट बघत होती, सार वाट बघत होते. अप्पांनी बरणीचं झाकण लावलं. मग हात झटकून म्हणाले, "माझी बाजू हिने सांगितली, हिची मी सांगितली. आता भांडायला उरलं कोण? पुण्याला नकार कळवतो."

आतून आई म्हणाली, "मला तर पहिल्या दिवसापासून नको वाटत होतं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"मला विडा चालतो की. पण घेऊन कोणी आलं होतं का?"

आणि त्यावर सुंदरम सार, ज्यांनी आजवर आमच्या घरात मराठीचा एक शब्द उच्चारला नव्हता, ते गंभीरपणे म्हणाले, "मला आणखी कॉफी पाहिजे." आक्का इतकी हसली की जपमाळ हातातून पडली. माझ्या तोंडात खडा, मला हसताही येईना, रडताही येईना.

पुण्याच्या माणसांनी राग धरला नाही. अप्पांनी त्यांना काय लिहिलं ते मी विचारलं नाही, पण काही दिवसांनी त्या बाईंनी माझ्यासाठी एक अंकलिपी पाठवली, चित्रांची, लहान मुलांची. "एवढी सुंदर बोलतेस, तर लिहायलाही शीक," असा निरोप. तोपर्यंत मी मराठी तमिळ अक्षरांतच लिहायची. 'ग गणपतीचा' पासून मी आपली आपण शिकले, वरवंट्याशेजारी पुस्तक उघडं ठेवून, म्हणून त्याच्या पानांवर आजही हळद आहे. आज हे जे तू वाचतेस ते त्या बाईंच्या कृपेने. माणसं ऐकत नाहीत म्हणून वाईट असतात असं नाही, एवढं मी तेव्हाच शिकले.

खडीसाखरेची बरणी मग तबकातच राहिली. पुढच्याच रविवारी आक्काची बाजू मांडायची पाळी सारांवर आली, विषय सोन्याच्या दागिन्यांचा, आणि आक्काने त्यांना चार वेळा परत पाठवलं. चार वेळा! अशी खट्याळ हसायची हात मागे घेऊन. इतक्या वर्षांचं उट्टं काढलं तिने. पुढे तिची मतं अशी बाहेर पडू लागली की अप्पा म्हणायचे, "ही बरणी मी का आणू दिली?"

आणि तुझे आजोबा? ते पापनाशमहून आले, बघायला, एकटेच, मोपेडवरून, केसांत धूळ. मी त्यांना तेच म्हाताऱ्यांचं मत ऐकवलं. मुद्दाम. त्यांनी कॉफी खाली ठेवली, पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला नाही पटत." आत येऊन मी आईला सांगितलं, हेच. आमचं त्या विषयावर शेवटपर्यंत जमलं नाही. पण बघ, ते गेल्यावरही मी माझ्या घरातच आहे आणि तुम्ही पाळीपाळीने यायचं आहे. म्हणजे जिंकलं कोण?

कण्णाडी मामा कधीचेच गेले. त्यांच्या जागी एक तरुण आला, त्यानंतर आणखी एक, मग कार्यक्रमाचं नाव तेच राहिलं आणि खुर्च्या मात्र वाढत गेल्या. मी अजून लावते. आवाज बंद करून लावते. तोंडं हलताना बघितलं की कोण ऐकतंय आणि कोण नुसती आपल्या पाळीची वाट बघतंय ते चटकन कळतं. मग टीव्ही बंद, आणि खाली गल्लीतली चार माणसं येतात. सार आता नाहीत, माहेरच्या गल्लीतून त्यांचा मुलगा येतो. डॉक्टरांनी मला पान बंद केलंय, खडीसाखरही बंद, म्हणून माझी बाजू कोणी मांडली की मी एक लवंग घेते. लवंगेला फार वेळ लागत नाही, म्हणून लोक माझ्याशी वाद घालताना भराभर बोलतात.

तुझ्या बापाला मी परवा येथे राहायला बोलावून घेतलं. म्हटलं, मीनूची बाजू सांग. तो म्हणाला, तिला काय, धीर नाही, चार दिवस राबलं की कंटाळा. मी म्हटलं, असं नाही, तिच्या तोंडाने सांग. परत काहीतरी बोलला, परत चुकला. मला तुझी खरी बाजू ठाऊक नाही, पण ही नव्हे एवढं कळलं. आता तो रोज चहाच्या वेळी समोर बसून नवी बाजू सांगून बघतो, परीक्षेला बसल्यासारखा. कालची जरा बरी होती. पण हात पुढे करायचा की मागे घ्यायचा, ते मी कसं ठरवू? तो हात तुझा आहे. म्हणून ये. पोंगलपर्यंत थांबू नकोस, त्याआधीच ये, रविवार धरून ये. सुंडल करीन. आणि येताना त्याची बाजूही मनात घोळवत ये, नुसती तुझी नको. बरणीतला सगळ्यांत मोठा खडा मी वेगळा काढून ठेवलाय.